पूजेला बसलेलं इंजिन

मशीन मेलं तेव्हा माझी थोरली जाऊ त्याच्या दांड्या धरूनच उभी होती. आत काहीतरी खाडकन तुटलं, इंजिनाच्या पोटाला भोक पडलं आणि गरम तेल सांडून लॉनवर मोठा काळा डाग पडला. सणसवाडीतल्या त्या कंपनीत ऑफिसपुढच्या लॉनचं आणि बागेचं काम माझ्याकडं होतं. मी ठेकेदार आणि हाताखाली आमच्याच वस्तीतल्या बाया. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. लोक विचारायचे, बाईमाणूस आणि ठेका? मी म्हणायचे, का, ठेका काय मिशीला गाठ मारून देतात का?

आधी आम्ही सगळ्याच विळ्यानं गवत कापायचो. ओळीनं उकिडवं बसायचं आणि कापत कापत तसंच पुढं सरकायचं. लॉन म्हणजे शेताचा बांध नव्हे, की पेंडी बांधली आणि झालं. ते बोटभर उंचीचं आणि सगळीकडं सारखं दिसायला पाहिजे, म्हणजे विळा जमिनीला लावूनच चालवायचा. माझ्या जावेचे गुडघे त्यात गेले. तिला आम्ही सगळ्या आक्का म्हणायचो. दीर वारल्यावर तिचं घर ह्या हजेरीवरच चालायचं, लेक नर्सिंगला होती. शिक्रापूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, उकिडवं बसणं बंद करा, नाहीतर घरातल्या घरात भिंत धरून चालावं लागेल. आक्का त्याला म्हणाली, "डाक्टर, गवत काय माझ्या कमरेएवढं वाढत न्हाई. बसल्याबिगर कापू कसं?"

त्याच वर्षी कंपनीनं कुठूनतरी जुनं कटिंग मशीन आणलं. पुढं आडवा ढोल, त्याला पिळदार पाती, मागं लोखंडी रूळ, वर परदेशी पेट्रोल इंजिन आणि धरायला लांब दांड्या. इंजिन चालू झालं की पातीही फिरायची आणि रूळही फिरायचा. मशीन आपलं आपण पुढं चालायचं, माणसानं मागून उभ्यानं जात फक्त ते सरळ ठेवायचं. कंपनीनं त्याच्यावर एक माणूस ठेवला होता, तो दुसऱ्या कंपनीत पर्मनंट होऊन गेला. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का मशीनपाशी जाऊन उभी राहिली, पदर खोचला आणि दोरी ओढली.

साहेब धावत आले. हे कंपनीच्या ऑफिसचं सगळं बघणारे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. मालकाचा विषय निघाला की शर्टाची कॉलर सारखी करायचे.

"अहो मावशी, बोटं जातील तुमची," ते म्हणाले.

"साहेब, पाती पुढं हायत. मी मागं हाय. बोटं कशी जातील?"

तिनं एक पट्टा सरळ कापून दाखवला आणि साहेब केबिनमध्ये परत गेले. त्या दिवसापासून मशीन आक्काचं झालं. शिफ्ट सुटली की कामगार तिला चिडवायचे, "आक्का, लायसन काढलं का?" ती म्हणायची, "काढलंय. आडवा ये, मंग दावते." उभ्यानं काम करायला लागल्यापासून तिचा चेहराच बदलला. दुपारी आम्ही डबा खायला बसायचो तर ही उभी राहूनच खायची, उगाचच, आम्हाला दाखवायला.

आणि आता तेच मशीन तेल ओकून पडलं होतं. साहेबांनी डाग बघितला, भोक बघितलं आणि म्हणाले, "हे भंगारात. खंडेनवमीला मालक येणार आहेत पूजेला. तोवर लॉन एकसारखं कापलेलं पाहिजे. पुण्याची एक पार्टी आहे, त्यांची स्वतःची मशीनं, स्वतःची माणसं. बागेचं सगळं काम त्यांनाच देऊन टाकू."

"आन् आमी?" मी विचारलं. साहेबांनी कॉलर सारखी केली.

बाकीच्या बायांना काम मिळालं असतं. कांदे काढायला, खुरपायला, कुठंतरी पॅकिंगला. पण ते सगळं बसून करायचं. उभ्यानं करता येईल असं आक्काला हेच एक काम होतं, आणि ते गेलं तर तिला घरी बसावं लागणार होतं. ती चिंधीनं दांड्या पुसत राहिली. ते बघून मला साहेबांचा भयंकर राग आला, आणि राग आला की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही.

मी म्हणाले, "खंडेनवमीला मालक यायच्या आधी ह्याच मशीननं लॉन कापून देते. दुसरं इंजिन बसवून. न्हाई दिलं तर बोलवा तुमची पुण्याची पार्टी. गेट मी स्वतः उघडते."

इंजिन कुठं मिळतं हे मला ठाऊक नव्हतं. पण ते मिळणार नाही असं एकदाही मनात आलं नाही. आपला स्वभावच तसा. आधी बोलायचं आणि मग बोललेलं खरं करायला ऊर फुटेस्तोवर पळायचं.

शिक्रापूरला हायवेच्या कडेला एक मिस्त्री होते, फटफट्या आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. त्यांना मी मशीन दाखवायला आणलं. त्यांनी भोकात बोट घातलं आणि मान हलवली. "ताई, ह्याचा पार्ट पुन्यात न्हाई, मुंबईत न्हाई. आता विलायतेलाच जावा." मग हसणं थांबवून त्यांनी मला नीट समजावलं. इंजिन लहान पाहिजे. त्याचा फिरणारा दांडा बाजूला आडवा निघालेला पाहिजे, खाली नको. आणि वजन असं पाहिजे की मशीन तोंडावर पडू नये. तसलं आणा, बसवायचं माझ्याकडं लागलं, असं ते म्हणाले. मी हवेत बोटानं आडवी रेघ ओढून ते पाठ करून टाकलं.

आधी शिरूर गाठलं. आक्का माझ्याबरोबर होती. म्हणाली, "मशीन माजं हाय, इंजिन मी बगून घेनार." गुडघ्याला पट्टा बांधून एसटीत चढली. शिरूरच्या बाजारपेठेतल्या दुकानदारानं आमच्या मागं बघत विचारलं, "मालक न्हाई आले?"

"मीच मालक," मी म्हणाले.

"तसं न्हाई हो. इंजिनातलं कळनारं कुनी?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्हाला इकायचं कळतं का, ते आधी सांगा." आक्कानं मला मागं ओढलं आणि गोड आवाजात सांगितलं, "दादा, आडव्या दांड्याचं बारकं इंजिन दावा." त्यानं आधी विहिरीवरचं एक अवजड डिझेल इंजिन दाखवलं. आक्का म्हणाली, "ह्यानं समद्या शिरूर तालुक्याचं गवत निघंल." मग त्यानं फवारणीच्या पंपाचं इंजिन दाखवलं, ते हातात मावेल एवढं. तिसरं काही त्याच्याकडं नव्हतं. पण माणूस बरा निघाला. पाणी पाजलं आणि म्हणाला, "पूर्वी कालव्याकडचे शेतकरी पाणी उचलायला रॉकेलची लहान इंजिनं लावायचे. तुम्हाला पाहिजे ते माप तेच. आता लायटीच्या मोटरी आल्या. ती इंजिनं सगळी दौंडच्या भंगारात गेली असतील."

म्हणून मग दौंड. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथं एसटी बदलून दौंड, आणि तिथून रेल्वे स्टेशनाकडच्या भंगारवाल्यांच्या रांगेत. तिथं इंजिनं होती, ढीगभर होती, पण एकाचं पोट रिकामं, दुसऱ्याला दांडाच नाही. शेवटच्या दुकानात मात्र एक निळं चकचकीत इंजिन टेबलावर मांडून ठेवलेलं. भंगारवाला म्हणाला, "घ्या ताई, नवरीसारखं हाय." मी खिळ्यानं रंग खरवडला. खाली वेल्डिंग केलेला तडा, बोटभर लांब.

"नवरी लईंदा नांदून आलेली दिसती," आक्का म्हणाली.

तो खो खो हसला. चोरी पकडल्यावर हसणारा माणूस मला आवडतो, कारण तो त्यानंतर खोटं बोलत नाही. त्यानं चहा मागवला आणि सांगितलं, "चालू इंजिन पायजे असंल तर कासुर्डीला जावा. यवतच्या पुढं. तिथं एक आप्पा हायत, कालव्याच्या कडंला त्यांचं रान. त्यांच्या गोठ्यात तुम्हाला पायजे तसलं इंजिन हाय, एकदम टकाटक. मी दोनदा मागाय गेलतो. दोन्ही बारीला हाकलून दिलं."

"का?"

"ते त्यांनाच इचारा."

आम्ही त्याच वाटेनं चौफुल्याला मागं आलो आणि पुण्याकडच्या एसटीनं पुढं जाऊन कासुर्डीला उतरलो. आप्पांचं घर सापडायला वेळ लागला नाही. उसाच्या फडाला लागून पक्कं घर, पुढं गोठा, आणि आप्पा स्वच्छ धोतर-टोपीत बाजेवर बसलेले. इंजिन बघायला आलो म्हटल्यावर आधी कपाळाला आठी पडली, पण उठले. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली ते होतं. तेलपाणी केलेलं, कुठं गंजाचा ठिपका नाही. दांडा आडवा. मी हवेतली रेघ आठवली आणि आक्काला कोपरानं ढोसलं.

"इकायचं न्हाई," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, "पडून राहून गंजून जाईल की."

"गंजलंय का?"

"न्हाई."

"मंग?" ते म्हणाले. "कालव्याचं पानी माज्या रानात पयल्यांदा ह्या इंजिनानं आनलं. तवापासनं दरसाल खंडेनवमीला नांगराबरूबर हे पूजेला बसतंय. पूजेतली वस्तू इकायची नसती बाई. घरातलं मानूस इकतं का कुनी?"

 मी वाद घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात आक्कानं विचारलं, "आप्पा, चालू करून दावता का?" आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी वाटीभर पेट्रोल ओतलं, दोरी गुंडाळून ओढली, इंजिन फटफटलं, मग कॉक फिरवून रॉकेलवर घेतलं. गोठा धुरानं भरला, म्हशी उठून उभ्या राहिल्या. आक्का इंजिनाच्या अगदी जवळ जाऊन ऐकत होती. ते बंद झाल्यावर तिनं सगळं सरळ सांगून टाकलं. गुडघे सांगितले, लेक सांगितली, मशीन सांगितलं. "मला बसून काम हुत न्हाई, आप्पा. उभ्यानं करायचं एवडं एकच काम माज्याकडं हाय. हे इंजिन घावलं तर ऱ्हातं, न्हाईतर गेलं." तिनं हात जोडले नाहीत की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

आप्पांनी विचारलं, "कुठल्या तुमी? कुनाच्यातल्या?"

हा प्रश्न येणार हे आम्हाला ठाऊक असतं, फक्त कधी ते नसतं. आक्का म्हणाली, "शिक्रापूरकडच्या. बौद्ध हाय आमी."

"मंग तुमी पूजाबिजा करत नसाल."

"आमी न्हाई करत. पन कंपनी करती, समद्या मशीनींची. त्यात ह्याची बी हुईल."

आप्पांनी आत चहा सांगितला. आतून चहा आला. कप घरातल्या माणसांचेच होते. मी ते बघितलं, बघायची सवय जात नाही. चहा संपल्यावर ते म्हणाले, "इकत देत न्हाई. चालवाय न्या. माजंच ऱ्हाईल, काम सरलं की माजं मला आनून द्या. पन एक गोष्ट. खंडेनवमीला ते पूजेला बसलंच पायजे. आन् पूजेला बसलं की त्या दिशी त्याला कामाला लावायचं न्हाई. आमच्यात नांगरालासुदीक त्या दिशी हात लावत न्हाईत. देता शब्द?"

शब्द मी दिला. मला त्यात अवघड काही दिसलंच नाही. खंडेनवमी लांब होती, लॉन तोवर आरामात कापून झालं असतं. दुधाच्या टेम्पोत इंजिन घालून आम्ही दोघी चौफुल्यापर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना बसून आलो, आणि मी वाटभर गाणं म्हणत होते. आक्का म्हणाली, "अगं, लगीन लावून आल्यागत काय करतीस?"

शिक्रापूरच्या मिस्त्रींनी इंजिन बसवलं. जागा कमी होती, पेट्रोलची टाकी दांडीला लागत होती, म्हणून त्यांनी ते फिरवून, दांडा दुसऱ्या बाजूला घेऊन बोल्ट आवळले. दिसायला झकास दिसत होतं. कंपनीत नेऊन आक्कानं दांड्या धरल्या, मी दोरी ओढली, आणि मशीन पुढं जायच्या ऐवजी सरळ आक्काच्या अंगावर चालून आलं. ती मागं मागं सरकतेय आणि ते तिच्या मागं लागलंय. मी कॉक बंद केला तेव्हा दोघी कुंपणाला टेकलो होतो. इंजिन उलटं बसवल्यावर सगळंच उलटं फिरणार, हे त्या मिस्त्रीच्या लक्षात आलं नव्हतं. पाती पण उलटी फिरून गवत कापत नव्हती, नुसतं विंचरत होती.

मी मशीन परत नेऊन मिस्त्रींना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे कान धरून म्हणाले, "सुलटं बसवतो, पन त्याला नवी पुली लागंल. लेथवर कातून आना." लेथवाल्याकडं गेले तर लेथ धुऊन पुसून, हिरवा ताजा रंग देऊन ठेवलेला. खंडेनवमी जवळ आली की आमच्याकडचे कारखाने आधी काम बंद करतात आणि मशीनं घासायला, रंगवायला घेतात. शिक्रापुरातले झाडून सगळे लेथ असेच रंगात बसलेले. मी एकेका दारात उभी राहून विनवण्या केल्या, भांडले, शेवटी एकाच्या उंबऱ्यावर ठाण मांडलं. तो म्हणाला, "ताई, रंग ओला हाय." मी म्हटलं, "वाळंस्तोवर बसते. मला कुठं जायाचंय?" माझी बडबड ऐकून ऐकून त्याचं डोकं दुखायला लागलं असावं. त्यानं पुली करून दिली आणि वर म्हणाला, परत ह्या दारात येऊ नका.

ह्या सगळ्यात खंडेनवमी उजाडली. मशीन सकाळीच कंपनीत पोचलं. आक्कानं दोरी ओढली, इंजिन फटफटलं, कॉक फिरवला, आणि ह्या वेळी मशीन पुढं गेलं. गवताचा हिरवा फवारा उडाला. आम्ही सगळ्या कडेला उभ्या राहून बघत होतो. एक पट्टा, दुसरा पट्टा, रुळाखाली गवत दबून गालिच्यासारखं दिसायला लागलं. मालक दुपारी येणार होते, पूजा त्यानंतर, म्हणजे तोवर आप्पांना दिलेला शब्दही मोडत नव्हता. हातात भरपूर वेळ होता आणि मी साहेबांच्या केबिनच्या काचेकडं बघून मुद्दाम हसत होते.

अर्धं लॉन झालं आणि गेटवर आवाज चढलेला ऐकू आला. वॉचमन कुणालातरी अडवत होता आणि तो माणूस म्हणत होता, "आरं, माजं इंजिन आत हाय." आप्पा होते. पहाटेची एसटी धरून आले होते. नवी टोपी, हातात पिशवी, पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि घरच्या झेंडूची माळ.

मी त्यांना आत आणलं. दुसरं काय करणार? आक्कानं इंजिन बंद केलं. आप्पांनी ते निवू दिलं, आपल्या उपरण्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. मग आम्हा सगळ्या बायांच्या हातावर खोबरं ठेवलं. आम्ही ते खोबरं म्हणून खाल्लं. आप्पा समाधानानं म्हणाले, "झालं. आता उद्या."

साहेब पळत आले. "थांबलं का? अर्धं राहिलंय. मालक निघालेत पुण्याहून." मी आप्पांना दिलेला शब्द सांगितला. ते ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. ते आप्पांना म्हणाले, "आजोबा, बाजूला व्हा. मशीन कंपनीचं आहे."

"मशीन तुमचं," आप्पा म्हणाले. "इंजिन माजं."

साहेबांनी स्वतः दोरीला हात घातला. आक्कानं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "साहेब, ह्यांना शब्द दिलाय."

शब्द मी दिला होता, तिनं नाही. आणि मी तर तो मोडायला निघाले होते. कसला शब्द आणि कसली पूजा, जी पूजा आम्ही मानत नाही तिच्यासाठी हिच्या पोटावर पाय? मी तसं म्हणायला पुढं झालेच होते. पण आक्का लॉनच्या कडेला गेली. कडेकोपऱ्याचं गवत काढायला आम्ही विळे आणलेलेच असायचे, त्यातला एक तिनं उचलला आणि न कापलेल्या भागात खाली बसली. उकिडवं तिला बसताच येत नव्हतं. तिनं हात टेकून अंग खाली सोडलं, पाय पुढं सरळ पसरले आणि कुशीकडं वाकून कापायला सुरुवात केली. पुढं सरकायचं तर दोन्ही हातांवर अंग उचलून ओढायला लागत होतं. ते बघवत नव्हतं. आम्ही सगळ्या विळे घेऊन तिच्या ओळीत बसलो. सगळ्यांना कळत होतं, दुपारपर्यंत हे व्हायचं नाही, आणि झालं तरी मशीनसारखं दिसायचं नाही.

आप्पांना वॉचमननं खुर्ची दिली होती. ते उठून आमच्याजवळ आले. आक्काच्या पायांकडं बघत होते. "बाई," ते म्हणाले, "खंडेनवमीला हत्याराला हात लावत्यात का कुठं?"

आक्कानं मान वर केली नाही. "पूजेला बसलेलं हत्यार चालवत न्हाईत, आप्पा. आमचे इळे कुनी कवा पूजेला मांडल्यात? त्यास्नी चालतंय."

ती रागानं बोलली नाही. आज पाणी कमी दाबानं येतंय, असं सांगावं तशी बोलली. तिच्या शेजारी मी होते आणि माझा विळा जागेवर थांबला. इतकी वर्षं तो विळा हातात धरला, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

आप्पा वळून मशीनपाशी गेले. इंजिनावरची माळ काढली, डोळ्यांना लावली, पिशवीत ठेवली. इंजिनाला हात जोडून काहीतरी पुटपुटले. मग दोरी गुंडाळली आणि ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला फटफटलं.

"उठा, बाई," ते म्हणाले. "धरा हे."

"आन् शब्द?" आक्कानं बसल्या जागेवरूनच विचारलं.

"शब्द मला दिलता न्हवं? मी सोडला. देवाला काय सांगायचं ते माजं मी सांगंन."

आक्काला उठायला वेळ लागला. एरवी तिला हात दिला की झिडकारायची, त्या दिवशी माझा हात धरला. दांड्या धरल्यावर मात्र ती सरळ उभी राहिली आणि मागं न बघता निघाली. आप्पा दोन पट्टे होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "कॉक निम्म्यावरच ठिवा, लई धूर करतंय," आणि परतीची एसटी गाठायला निघून गेले. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. 

मालक आले. लॉनवरून बूट घालून फिरले, छान ठेवलंय म्हणाले, आणि नाक मुरडून विचारलं, रॉकेलचा वास कसला येतोय? साहेब म्हणाले, "सर, डासांसाठी फवारणी केलीय." आम्ही बाया तोंडात पदर कोंबून मागच्या बाजूला पळालो.

संध्याकाळी मालकाची गाडी गेल्यावर साहेब आमच्याकडं आले. खुशीत होते. म्हणाले, "काम तुमच्याकडंच राहील. पुण्याच्या पार्टीला मी नाही म्हणून कळवतो. मशीन मावशींनीच चालवायचं." मग जाता जाता म्हणाले, "उद्या सकाळी लवकर या, पाणी द्यायला."

दुसऱ्या दिवशी दसरा. कंपनीला सुट्टी असायची, पण लॉनला पाणी लागतं म्हणून आम्हाला दरसाल यावंच लागायचं. आमचा तो धम्मदीक्षेचा दिवस. वस्तीत सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यात वंदनेला जमायचे आणि आम्ही सणसवाडीत पाइप ओढत असायचो. ह्याबद्दल मी साहेबांशी एकदाही बोलले नव्हते. दरवर्षी ठरवायचे, आणि ठेका जाईल म्हणून गिळून टाकायचे.

आक्का मशीनवरचं गवत झाडत होती. ती झाडत झाडतच म्हणाली, "साहेब, उद्या आमी येनार न्हाई."

"म्हणजे? आणि पाणी?"

"पानी वॉचमन दील." ती सरळ झाली आणि तिनं साहेबांकडं बघितलं. "इंजिनाला एक दिस सुट्टी मिळावी म्हनून एक म्हातारा मानूस कासुर्डीवनं यष्टीनं आला. आमच्यासाठी असं कोन येनार? आमचं आमालाच सांगाय पायजे."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी ठेकेदार, उत्तर मी द्यायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "आक्का म्हनती तसं."

"बरं," साहेब म्हणाले. त्यानंतर दसऱ्याला आम्ही कधीच कामावर गेलो नाही.